निकानोरची उत्तरं

शिकागो, १० सप्टेंबर २०१७

प्रिय मामा,

फोन दोनदा लावला. दोन्ही वेळा मशीनवर निकानोरकाकांचा तोच आवाज, "आम्ही दोघं बाहेर गेलोय, नाहीतर झोपलोय, नाहीतर तुमच्याशी बोलायचं नाहीये." मी एकटीच हसले आणि निरोप न ठेवता फोन ठेवून दिला. तुम्हाला फोनवर धड ऐकू येत नाही, म्हणून हे पत्र. आई माझ्याशी बोलत नाही, त्यामुळे सान बेनितोची खबर द्यायला तुमच्याशिवाय मला कोणी उरलेलं नाही.

आधी कामाचं सांगते. मानसशास्त्राच्या पदवीसाठी मी ज्यांचा अभ्यास करतेय ती माणसं आपलीच आहेत. म्हणजे आपली भाषा बोलणारी, आणि (आता लिहूनच टाकते) पुरुष असून पुरुषावर, बाई असून बाईवर जीव लावलेली. आजवर अभ्यासकांनी आपल्यातलं मोडलेलं तेवढंच मोजलं. किती जण दारूला लागले, किती जणांनी जीव दिला. जे टिकले त्यांना कोणी विचारलंच नाही की बाबांनो, तुम्ही कशावर तग धरलात? मला ते विचारायचंय. साठीच्या पुढची माणसं हवीत आणि नेमकी तीच सापडत नाहीत. सापडली तर बोलत नाहीत.

नात्यातल्या माणसाला घ्यायचं नाही असा नियम आहे, त्यामुळे तुम्ही बाद. पण गुरुवारी तुमच्याकडे डोमिनो खेळायला जे येतात, त्यांच्यापैकी कोणी बोलेल का? माझी मैत्रीण इदालिया ऑक्टोबरमध्ये तिकडे येईल. टेप वगैरे काही नाही, ती हाताने लिहून घेते. नाव कुठेच येणार नाही.

आणि एक प्रश्न भाची म्हणून. हे निभतं का हो, मामा? दोन वर्षांपूर्वी ईस्टरला आईने मला घराबाहेर काढलं, तेव्हा बसमध्ये बसून मी सगळा रस्ता तुमच्या पोर्चवरच्या दोन खुर्च्या आठवत आले. त्यांचं निभलं, मग माझंही निभेल, एवढ्यावर मी इथे उभी आहे.

माझी पर्ला तुम्हा दोघांना नमस्कार सांगते.

तुमची,
झुलेमा


सान बेनितो, २४ सप्टेंबर

झुलेमा पोरी,

तीस-पस्तीस वर्षांत जे कोणी माझ्या तोंडावर बोललं नाही, ते तू तिकीट चिकटवून पाठवलंस. पोस्टमन त्रांकिलिनो पत्र हातात देऊन उभाच राहिला, काय खबर म्हणून. मी म्हटलं, भाची शिकतेय. तो म्हणाला, अजून?

मी अविवाहित न्हावी आहे आणि निकानोर माझा कोंपाद्रे आहे. गावाला एवढंच माहीत आहे आणि गावाचं तेवढ्यावर भागतं. हे कसं जमलं ते तुला कधी सांगितलंय का? त्र्याऐंशी साली निकानोर माझ्याकडे भाड्याने राहायला आला. वर्षभरात कुजबुज सुरू झाली. माझ्याच खुर्चीत बसून लोक माझ्याबद्दल बोलायचे, फक्त आवाज बारीक करून. त्या नाताळात निकानोर म्हणाला, "अबुंदियो, या वर्षी तुझ्या बाळ येशूला मी निजवतो." तुला ठाऊकच आहे, जो नाताळला बाळाच्या मूर्तीला घरातल्या देखाव्याच्या गोठ्यात निजवतो, त्यानेच फेब्रुवारीच्या दोन तारखेला त्याला उचलायचं, नवे कपडे घालायचे, चर्चमध्ये न्यायचं. तो मग त्या घराचा कोंपाद्रे. देवासमोर जुळलेलं नातं, त्याला कोण बोट लावणार? शेजारची एल्व्हिराबाई सगळ्या गल्लीला सांगत सुटली, "कोंपाद्रे कोंपाद्रेकडे नाही राहणार तर काय माझ्याकडे राहणार?" कुजबुज संपली.

तीन वर्षं कपडे घातले की कर्तव्य फिटतं. निकानोरने दर वर्षी घातले. बाळाला डॉक्टर केलं, कोळी केलं, एकदा तर स्वतःसारखा स्कूलबसचा ड्रायव्हर केलं, टोपीसकट. फादरनी पाणी शिंपडताना डोळे मिटून घेतले.

डोमिनोवाल्यांना विचारतो. एक बहिरा आहे, एक थापाड्या आहे, बाकीचे बरे आहेत. नियमात मामा बसत नाही म्हणतेस, पण मामाचा कोंपाद्रे बसतो ना? रक्ताचं तर काही नाही. तो हल्ली फारसा बोलत नाही. पण पोरगी एवढ्या उन्हातून येणार म्हटल्यावर बोलेल.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर सवडीने देतो. पर्लाला आशीर्वाद. निकानोरचाही.

मामा


शिकागो, ५ नोव्हेंबर

प्रिय मामा,

इदालिया परत आली. कागदांवर नावं नाहीत, पण स्कूलबस चालवणारा म्हातारा सान बेनितोत असा कितीसा असणार? हे तुम्हाला सांगणं नियमाबाहेरचं आहे. तरी सांगते, कारण गप्प बसवत नाही.

मामा, निकानोरकाका काय बोललेत हो! मी आठवडाभर वाचतेय. ऐका:

"माझा कोंपाद्रे मीठ जास्त घालतो आणि बोलतो कमी. मला खारट चालतं. न बोलणं चालत नाही, म्हणून मी दोघांचं बोलतो."

"एकटे राहता का म्हणता? छे! एकटं राहायला उसंत कुठे आहे? तो इतका घोरतो की शेजारचा कुत्रा उत्तर देतो."

इदालियाने विचारलं, कशावर टिकलात? ते म्हणाले, "रोज सकाळी मी बस घेऊन घरावरून जायचो. तो खांद्यावर टॉवेल टाकून दारात उभा असायचा. हात करायचा नाही, लोक बघतात म्हणून. पण कोपऱ्यावर वळेपर्यंत मी त्याला आरशात बघायचो. रोज. त्याला हे माहीत नाही. त्यावर दिवस निघायचा."

आता तुम्हाला माहीत झालं. रागावू नका त्यांच्यावर.

सगळ्या मुलाखतींत ही एकच अशी आहे की वाचून वाटतं, नुसतं टिकणं नाही, हे जगणं आहे. पर्लालाही वाचून दाखवली.

झुलेमा


सान बेनितो, १९ नोव्हेंबर

पोरी,

पत्र मिळालं. कोंपाद्रेला वाचून दाखवलं, बाहेर, झाडाखाली बसून. तो काही बोलला नाही.

इथे संत्री उतरली. उकाडा अजून आहे. डोमिनो बंद आहे सध्या, माझे गुडघे धरलेत.

ते आरशाचं तेवढं काढून टाक. बाकीचं राहू दे.

मामा


शिकागो, ८ डिसेंबर

प्रिय मामा,

लाजता काय! या वयात! आरशाचं काढणार नाही, उलट तेच सगळ्यात वर येणार आहे. माझ्या मार्गदर्शक बाईंनी ती मुलाखत वाचली आणि चष्मा काढून बसल्या. म्हणाल्या, "झुलेमा, तुझ्या प्रबंधाची सुरुवात हीच." दहा फेब्रुवारीला मला सगळ्यांसमोर बोलायचंय, आणि मी याच उत्तरांनी सुरुवात करणार आहे. आपल्या माणसांकडे नेहमी कीव करून बघणाऱ्यांना एकदा ऐकू दे.

त्याआधी, दोन तारखेला, मी घरी येतेय. तिकीट काढलं. आईकडे नाही, तुमच्याकडे. निकानोरकाका बाळाला उचलतील तेव्हा मला तिथे असायचंय. यंदा बाळाला काय करणार आहेत? पोर्चवर तिसरी खुर्ची टाकून ठेवा.

झुलेमा


सान बेनितो, २९ डिसेंबर

झुलेमा,

तिकीट काढलंस म्हणून आता लिहावं लागतंय. तिसरी खुर्ची लागणार नाही. दुसरी रिकामीच आहे.

निकानोर मे महिन्यात गेला. पोर्चवर बसला होता. मला म्हणाला, पाणी आण. मी आणलं तोवर संपलं होतं. ग्लास हातात घेऊन मी किती वेळ उभा होतो, ठाऊक नाही.

चर्च गच्च भरलं होतं. त्याच्या बसमधून शाळेत गेलेली सगळी पोरं आली होती, आता टकली झालेली. सीमेपलीकडून, मातामोरोसहून त्याच्या बहिणी आल्या. गेली कित्येक वर्षं त्यांनी त्याला एक फोन केला नव्हता, पण बहिणी त्या बहिणी, पहिल्या बाकावर बसल्या. मी चौथ्या बाकावर बसलो. कोंपाद्रेची जागा तीच. प्रार्थना संपल्यावर लोक रांग लावून बहिणींपाशी गेले, एकेकीचा हात धरून दुखवट्याचं बोलले. रांग माझ्या बाकाशेजारूनच पुढे सरकत होती. लोक मला मान हलवून पुढे जात होते. त्रांकिलिनो थांबला. मला वाटलं, हा बोलेल. तो म्हणाला, "आता ती खोली भाड्याने देणार का? माझा मेव्हणा शोधतोय."

घरी आलो. माझ्याकडे दुखवट्याला कोणी आलं नाही, पोरी. एक माणूसही नाही. आणि मी कोणाला दोष देऊ? कोंपाद्रे, कोंपाद्रे म्हणून मीच सगळ्यांना शिकवलं होतं. कोंपाद्रे गेला की माणूस दोन दिवस हळहळतो आणि मग कामाला लागतो. तेवढंच मला मिळालं. ओफेलियाने निरोप पाठवला, तुझा मित्र गेला, वाईट झालं. तुझी आई आहे, मी काही बोलत नाही. मशीनवरचा आवाज पुसायला मात्र मला जमलं नाही.

तुला का नाही कळवलं? उन्हाळाभर कागद घेऊन बसत होतो. तेवढ्यात तुझं पत्र आलं, दोन खुर्च्यांवर उभी आहे म्हणणारं. त्यातली एक मी कशी काढून घेऊ?

मग इदालिया आली. घामाने निथळत होती, पंख्यासमोर बसवली, लिंबूपाणी दिलं. ती म्हणाली, "तुम्हीच ना ते कोंपाद्रे?" मी म्हटलं, हो. ते खोटं नव्हतं, कोंपाद्रे दोन्ही बाजूंनी असतो. पण ती बसबद्दल विचारू लागली आणि मी निकानोरसारखं बोलू लागलो. त्याच्यासारखा पाय हलवत, त्याच्यासारखा मोठ्याने. तासाभरात मी वर्षभराचं बोललो असेन. ती हसत होती. घरात तो होता, पोरी. ती गेली आणि तोही गेला.

मीठ, घोरणं, सगळं त्याचंच बोलणं आहे, रोजचं. आरशाचं तेवढं माझं. मी दारात उभा राहायचो हे खरं. तो आरशात बघायचा की नाही, मला काय ठाऊक? कधी विचारलं नाही. बघत असला तर बरं, असं वाटायचं, म्हणून त्याच्या तोंडी घातलं. ते काढ म्हटलं ते एवढ्यासाठी. माझी हौस तुझ्या अभ्यासात नको.

चोवीस तारखेला बाळाला मीच निजवलं. घरच्या धन्याने निजवायचं नसतं. दोन तारखेला उचलणारं कोणी नाही. एल्व्हिराबाई म्हणते, कोणालातरी सांग. सांगणार कोणाला, आणि काय म्हणून? बाळ पडून आहे गोठ्यात, जुन्याच कपड्यांत.

तू विचारलं होतंस, निभतं का. निभलं. आता पुढचं निभत नाहीये.

तिकिटाचे पैसे परत मिळत असतील तर बघ.

अबुंदियो


शिकागो, १२ जानेवारी २०१८

मामा,

पत्र आलं त्या दिवशी विद्यापीठात गेले नाही. दुसऱ्या दिवशी गेले आणि बाईंना सगळं सांगितलं. ती मुलाखत आम्ही अभ्यासातून काढली. काढावीच लागते, वारलेल्या माणसाची उत्तरं धरता येत नाहीत. बाईंनी तिची पानं गठ्ठ्यातून बाजूला काढली. मग म्हणाल्या, "आता सुरुवात कशाने करणार?" म्हणून बाकीच्या मुलाखती पुन्हा वाचल्या. मामा, सगळे मजेत आहेत हो. एकूण एक. सगळ्यांचं छान चाललंय, सगळ्यांना पुष्कळ माणसं आहेत. आता मला कळेना, यांतल्या किती जणांनी उन्हातून आलेल्या मुलीचं मन राखलं. पाहुण्याला वाईट बातमी देऊन परत पाठवू नये, हे आपल्याला लहानपणी शिकवतात. ते मी कसं विसरले?

मीही तेच केलं. पर्ला ऑगस्टमध्येच मला सोडून गेली. तिचा नमस्कार मीच लिहीत होते. या घरात भिंतींशी बोलायला लागू नये म्हणून मी तुमची पत्रं मोठ्याने वाचते.

आता आरशाचं. तुम्ही विसरलात की मी त्या बसमध्ये असायचे. शाळेची सगळी वर्षं, ड्रायव्हरच्या मागच्या बाकावर, कारण मला उलटी व्हायची. तुमच्या घरापुढच्या कोपऱ्यावर कोणी चढत नव्हतं. तिथे थांबाच नव्हता. तरी बस तिथे थांबायची. निकानोरकाका डोक्यावरच्या आरशात नाही, बाजूच्या आरशात बघायचे. आम्ही पोरं ओरडायचो, "काका, चला ना!" ते म्हणायचे, "थांबा रे, मागे गाडी आहे." मी एकदा खिडकीतून मान काढून बघितलं. मागे गाडी नव्हती. दारात टॉवेल घेतलेले तुम्ही होतात. मला वाटलं, काकांना गाड्या दिसतात आणि मला दिसत नाहीत. मुकाट्याने खाली बसले.

अभ्यासात याला जागा नाही. तुमच्यासाठी लिहिलं.

तिकीट परत करत नाही. दोन तारखेला सकाळी पोचते, त्याच संध्याकाळी परत निघावं लागेल. तोवर बाळाला हात लावू नका. मी उचलणार आहे. कपडे मी शिवतेय, मला शिवता येत नाही हे लक्षात असू द्या.

झुलेमा


सान बेनितो, ११ फेब्रुवारी

प्रिय कोमाद्रे,

आता तुला हेच म्हणायला हवं. बाळाला उचललंस, विषय संपला. पुढची दोन वर्षं कपडे घालायला येणं बंधनकारक आहे, शिवण सुधारली तर उपकार होतील. न्हाव्याचा पांढरा कोट ओळखू आला, पण एक बाही बाळाच्या पायापर्यंत येते. फादरनी या वेळी डोळे उघडे ठेवले. हा न्हावी आहे हे त्यांना कळलं नसावं.

तुझ्या आरशाच्या पत्राबद्दल तू इथे होतीस तेव्हा मी बोललो नाही. ते तू पाहिलेलं लिहिलंस की माझं मन राखलंस, हे विचारणार नाही. रोज सकाळी दारात उभा राहतो आणि कोपऱ्याकडे बघतो. तिथे थांबा नाही, हे मात्र खरं आहे.

आता तू गेल्यानंतरचं सांगतो, ते तुला माहीत नाही. टॅक्सी हॉर्न वाजवत होती, बायका मक्याचे तमाले खात बसल्या होत्या, आणि तू त्या सगळ्यांदेखत माझे दोन्ही हात धरून म्हणालीस, "मामा, निकानोरकाका गेले. तुमचा माणूस गेला. मी दुखवट्याला आलेय." आणि बॅग उचलून गेलीस. मागे आम्ही. स्वयंपाकघरात कोणी तोंडातला घास गिळेना. मला वाटलं, झालं, आता एकेक जण काहीतरी कारण काढून उठेल, आणि या घराला इतकी वर्षं पुरलेला शब्द आज संपला.

एल्व्हिराबाईने ताट खाली ठेवलं. ॲप्रनला हात पुसले. उठून माझ्यासमोर आली आणि म्हणाली, "अबुंदियो, मला कळलंच नाही रे, रांग इकडे लावायची होती." आणि माझा हात धरून दुखवट्याचं सगळं बोलली, सुरुवातीपासून शेवटपर्यंत, जसं बोलतात तसं. तिच्यामागे तिची सून उभी राहिली. तिच्यामागे दुसरी. मी खुर्चीत बसलो होतो, उठायला निघालो तर म्हणतात, बस, घरच्याने बसायचं असतं. शेवटी त्रांकिलिनो. टोपी काढली आणि रडायलाच लागला, मलाच त्याला धरावं लागलं. खोलीचं काही बोलला नाही.

ओफेलिया आली नाही. पण तमालेचं मोठं पातेलं तिचं होतं, ते तुला सांगितलं नव्हतं. नातवाच्या हाती पाठवलं, निरोप नाही. पातेलं रिकामं कसं परत करायचं? संत्री घालून उद्या मीच नेऊन देणार आहे. दार उघडलं तर उघडलं.

मग सगळे गेले. ताटं मी धुतली. बाळाला फडताळात ठेवलं. घर पूर्वीसारखंच गप्प आहे, पोरी, तुला खोटं सांगणार नाही. फक्त आता ते कशामुळे गप्प आहे, हे गल्लीला माहीत आहे.

तुझं भाषण काल झालं असेल. कशाने सुरुवात केलीस ते कळव. आणि इदालियाला सांग, माझे प्रश्न राहिलेत. मामा नियमात बसत नव्हता, आता तुझा कोंपाद्रेही झालेला मामा तर अजिबात बसणार नाही, ठाऊक आहे. अभ्यासात घेऊ नकोस. तू लिहून घे, या वेळी माझ्या नावाने.

एकटे राहता का?

हो.

गेल्या वर्षभरात घरातलं कोणी गेलं का?

हो. माझा निकानोर.

अबुंदियो